हिरवी उलटी, पांढरी शी

बाळंतिणीच्या खोलीत दिवसातून दहादा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "शी झाली का गं?" आजी विचारते, मावशी विचारते, बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई विचारते. किती वेळा झाली, पातळ होती की घट्ट, फेस होता की चोथा, याची चर्चा चहा पितानाही होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तीच गोष्ट दवाखान्यात पोचते तेव्हा मात्र "पोट साफ आहे" एवढ्यावर मिटते. आई रंग सांगत नाही, कारण तो कुणी विचारलेला नसतो. डॉक्टर विचारत नाहीत, कारण बाहेर पेशंटची रांग लागलेली असते. नवजात बाळाच्या अन्ननलिकेच्या, आतड्यांच्या आणि यकृताच्या आजारांवरचं हे पुस्तक उघडताना ही उणीव आधी ध्यानात घ्यावी. यातले कितीतरी गंभीर आजार सगळ्यांत आधी घरातल्या माणसाला दिसतात, आणि अनेकदा ते रंगाच्या रूपात दिसतात. तो रंग किती वेळात योग्य माणसाच्या नजरेला पडला, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

पुस्तकाची प्रकरणं अवयवांच्या क्रमाने लावलेली आहेत आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आईबाप मात्र अवयवांच्या क्रमाने घाबरत नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो एवढाच: आत्ता रात्री निघायचं, उद्या सकाळी दाखवायचं, की पुढच्या आठवड्यात गेलं तरी चालेल? म्हणून प्रस्तावनेत मी वेळेचा क्रम धरला आहे. काही आजारांत हातात तास असतात, काहींत दिवस, तर काहींत आठवडे.

त्याआधी थोडं पूर्वपीठिकेचं. वैद्यकाच्या हिशेबात जन्मापासून २८ दिवसांपर्यंतचं मूल म्हणजे नवजात. गर्भात असताना त्याच्या पोषणाचं आणि घाण बाहेर टाकण्याचं काम वार करते. बाळ गर्भजल गिळत असतं, आतड्यांची हालचाल चालू असते, पण पचनाची खरी परीक्षा नाळ कापल्यावरच सुरू होते. आतडी तयार होण्याची रीतही विलक्षण आहे. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात पोटात जागा पुरेनाशी होते आणि आतडी चक्क नाळेत जाऊन वाढतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पोटात परततात, परतताना गोल फिरतात आणि पाठीमागच्या भिंतीला ठरलेल्या जागी चिकटतात. आतड्यांना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी वरून खाली सरकत सरकत बाराव्या आठवड्याच्या सुमारास गुदद्वारापर्यंत पोचतात. आतडं नीट फिरलं नाही, पेशी वाटेतच थांबल्या, एखादी नळी बंदच राहिली, की पुढच्या प्रकरणांतले आजार होतात. हे सगळं बहुतेक वेळा आईला दिवस गेल्याची नीट खात्री पटण्याच्या सुमारास घडून गेलेलं असतं. तिने ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली किंवा जिने चढली, याचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. अशा बाळाच्या आईला घरात सर्वांत आधी हे वाक्य ऐकू यायला हवं.

आता तासांचे आजार. साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळाची अन्ननलिका मध्येच बंद असते, आणि बहुतेकदा तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशा बाळाच्या तोंडातून सारखा फेस येतो; पुसला तरी पुन्हा येतो. पहिल्यांदा दूध पाजताच त्याला ठसका लागतो आणि ते निळं पडतं. तोंडातून घातलेली बारीक नळी दहा सेंटिमीटरच्या आसपास अडते, की निदान जवळजवळ पक्कं. तिथून पुढे दुधाचा थेंबही देऊ नये. ही नलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडण्यात पहिलं यश अमेरिकेत मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट यांना १९४१ मध्ये मिळालं. आज आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते.

गुदद्वार नसणं किंवा चुकीच्या जागी असणं हा दोष सुमारे पाच हजारांत एका बाळात असतो. तो ओळखायला यंत्र लागत नाही; बाळाचं वजन करतानाच पाय वर उचलून बघावं लागतं. कधी गुदद्वाराच्या जागी काहीच नसतं, पण पुढे एका बारीक छिद्रातून थोडी काळी शी येते आणि "झाली की शी" म्हणून सगळे निर्धास्त होतात. म्हणून शी झाली की नाही याबरोबर ती कुठून झाली, हेही बघावं.

तासांच्या आजारांत सर्वांत धोक्याची खूण म्हणजे हिरवी उलटी, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पित्त जठरात तयार होत नाही. यकृतातून येणारी पित्तनलिका जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या भागात उघडते. त्यामुळे जठरातून परत आलेलं दूध पांढरं किंवा फाटलेलं असतं. उलटी पालेभाजीच्या पाण्यासारखी हिरवी असेल, तर अडथळा पित्तनलिकेच्या तोंडाच्या पुढे आहे असं समजायचं. हा अडथळा अनेक कारणांनी येतो. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जन्मतः बंद असतो, तेव्हा एक्स-रेमध्ये हवेचे दोन फुगे दिसतात. अशा बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोमही असतो. पण सगळ्यांत घातक कारण म्हणजे पोटात परतताना नीट न फिरलेलं आतडं. ते अरुंद देठावर लोंबकळत राहतं आणि एखाद्या दिवशी स्वतःभोवती पीळ घेतं. देठातूनच रक्तपुरवठा येत असल्याने पीळ बसला की आतडं काळं पडू लागतं. मग लढाई तासांची असते. बोस्टनचे बालशल्यविशारद विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये या दोषावरची शस्त्रक्रिया मांडली. आजही तीच पद्धत त्यांच्या नावाने चालते.

या आजाराची लबाडी अशी, की सुरुवातीला पोट फुगलेलं नसतं आणि शीसुद्धा झालेली असू शकते. बाळ दोन-चार दिवस छान दूध प्यायलेलं असतं. मग हिरवी उलटी होते आणि घरात "वारा धरलाय" असं निदान होतं. बेंबीभोवती हिंगाचा लेप लागतो, ओव्याची पुरचुंडी शेकली जाते, गुटी उगाळली जाते. यात जातात ते तास परत मिळत नाहीत. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची अघोरी रीत अजून पुरती संपलेली नाही. तिथे शिक्षेच्या धाकापेक्षा जवळ मिळणारा डॉक्टर आणि वेळेवर येणारी गाडी यांचा उपयोग जास्त होईल. नियम सोपा आहे: नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, शस्त्रक्रियेची तातडी. रात्र असो की लग्नघर, त्याच क्षणी निघायचं.

दिवसांच्या आजारांत पहिली खूण न झालेल्या शीची. बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. ४८ तास उलटूनही झाली नाही तर कारण शोधलंच पाहिजे. त्यातलं एक कारण हर्षस्प्रुंग यांचा आजार. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्षस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याचं वर्णन केलं. खाली सरकणाऱ्या चेतापेशी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचलेल्याच नसतात, म्हणून तो भाग आवळलेला राहतो आणि वरचं आतडं फुगत जातं. गंमत अशी, की पूर्वी सगळ्यांचं लक्ष फुगलेल्या भागाकडे होतं, दोष मात्र खालच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या तुकड्यात होता. तो तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया ऑर्वर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे अशी मुलं "जन्मापासून बद्धकोष्ठ" म्हणून एरंडेल आणि साबणाच्या कांडीवर वर्षं काढतात. त्यांची पहिली शी कधी झाली होती, हे प्रसूतिगृहाच्या कागदावर लिहिलेलं असेल तर निम्मं काम होतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांचा एक वेगळा आजार गाठतो. आतड्याच्या भिंतीला सूज येते, ती जागोजाग मरते, पोट फुगतं, शीतून रक्त जातं. कारणं अनेक आहेत, पण आईच्या दुधाने हा धोका कमी होतो याबद्दल शंका उरलेली नाही. इंग्लंडमधल्या लुकास आणि कोल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त पावडरीच्या दुधावरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा आजार केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट आढळला होता. त्या अभ्यासाच्या आधीच, १९८९ मध्ये, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली होती. एका बाळंतिणीने दिलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून दुसऱ्या आईच्या नाजूक बाळाला द्यायचं, ही कल्पना महापालिकेच्या रुग्णालयात रुजली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

दिवसांच्या आजारांत सगळ्यांच्या तोंडी असते ती कावीळ. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठ बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या ऐंशी बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि यकृताला ते हाताळायला काही दिवस लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी आणि दोन आठवड्यांत जाणारी कावीळ बहुधा निरुपद्रवी असते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच साधी समजू नये; आई-बाळाच्या रक्तगटाचा मेळ नसेल तर ती झपाट्याने वाढते आणि मेंदूला कायमची इजा करू शकते.

या काविळीवरच्या निळ्या दिव्यांची गोष्ट एका परिचारिकेपासून सुरू होते. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हाच्या दिवसांत अंगणात नेत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं: अंग फिकट झालेलं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली राहिलेला त्रिकोणी भाग अजून पिवळाधमक. पुढे उन्हात विसरलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही उतरलेलं आढळलं. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा निबंध प्रसिद्ध केला. ही गोष्ट सांगून लगेच बजावायला हवं, की कोवळं ऊन हा आज उपचार नव्हे. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, बाळ तापतं किंवा गारठतं, आणि "ऊन दाखवतोय" या समाधानात रक्ततपासणी राहून जाते.

इथून आठवड्यांच्या आजारांकडे येतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जोरात, लांबवर उडणारी पांढरी उलटी करणारं आणि लगेच पुन्हा भुकेने रडणारं बाळ असेल, तर जठराच्या तोंडाशी स्नायू जाड झालेला असू शकतो. १९१२ मधल्या रामस्टेट यांच्या छोट्या शस्त्रक्रियेने ते ठणठणीत होतं. पण आठवड्यांच्या आजारांत ज्याच्यासाठी ही प्रस्तावना मी मुख्यतः लिहितो आहे, तो आजार म्हणजे पित्तनलिका बंद होण्याचा, बिलिअरी अ‍ॅट्रेझिया.

यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास सुजतात आणि बुजतात. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच तुंबतं. बाळ मात्र दिसायला गुटगुटीत असतं, दूध पितं, हसू लागतं. फक्त डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही. दोन खुणा लंगोटात असतात. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो. पित्त नसलं की ती फिकट, राखाडी किंवा भिजवलेल्या खडूसारखी होते. आणि नवजात बाळाची लघवी एरवी पाण्यासारखी असते. ती दुपट्यावर पिवळा डाग धरू लागली, तर बिलिरुबिन लघवीवाटे जातंय. अशा बाळांच्या रक्तात के जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून नाळेतून किंवा सुईच्या जागेतून रक्त थांबत नसेल तर तीही खूणच.

जपानमधल्या सेंदाई इथे मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये या मुलांवर वेगळी शस्त्रक्रिया केली. बुजलेला भाग काढून आतड्याचा एक तुकडा थेट यकृताच्या दाराशी जोडायचा आणि पित्ताला नवी वाट द्यायची. ती प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, पण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. उशीर होईल तसं यकृत कडक होत जातं आणि शेवटी प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. प्रत्यारोपणही आता आपल्या देशात होतं. भारतातलं पहिलं यशस्वी बालयकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, ते याच आजाराच्या वीस महिन्यांच्या मुलावर, वडिलांच्या यकृताचा तुकडा लावून. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. पण त्याचा खर्च, आयुष्यभराची औषधं आणि दात्याची जोखीम ध्यानात घेतली, की लंगोटाकडे वेळेवर बघणं किती स्वस्त आहे ते कळतं.

तैवानने हे ओळखलं. तिथे हा आजार युरोपपेक्षा जास्त आढळतो. २००४ पासून तिथल्या प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं: इकडे चांगले पिवळे-हिरवे रंग, तिकडे काळजीचे फिकट रंग. आई रंग जुळवते आणि फिकट दिसला तर कळवते. जपाननेही २०१२ मध्ये माता-बाल पुस्तिकेत असं कार्ड घातलं. दोन्हीकडे निदानाचा पहिला अधिकार आईला दिला गेला, आणि तो तिने चोख बजावला.

घरातल्या साध्या निरीक्षणाची ताकद महाराष्ट्रानेही पाहिली आहे. नवजात वयाच्या थोडं पुढचा, पण मुळं याच वयात असलेला एक आजार होता: भारतीय बालयकृतकाठिण्य. एका वर्षाच्या आसपासच्या मुलांचं यकृत दगडासारखं होई आणि बहुतेक मुलं दगावत. पुण्यात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. टॅनर यांनी १९८०च्या दशकात या मुलांच्या घरच्या दुधाची चौकशी केली. बाळाला लवकरच वरचं दूध सुरू केलेलं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं. कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या भांड्यातलं तांबं दुधात उतरत होतं आणि थेट तान्ह्या यकृतात साचत होतं. स्टीलची पातेली आली, आईच्या दुधाचा आग्रह वाढला आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला. दूध कोणत्या भांड्यात तापवता, हा स्वयंपाकघरातला प्रश्न कुणीतरी चिकाटीने विचारला, म्हणून हे घडलं.

मग शीचा रंग विचारायला आपल्याला काय अडचण आहे? अडचण बरीचशी आपल्या रिवाजात आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येते. पाचवी होते, बारसं होतं, सव्वा महिना होतो. प्रसूती एका गावी, लस दुसऱ्या गावी आणि सासर तिसऱ्या गावी. कावीळ दिसली तर "ऊन दाखवा, जाईल" असं प्रत्येक जण सांगतो, आणि कासाईंचे साठ दिवस नेमके या माहेरपणातच संपतात. पण याच रिवाजात आणि सरकारी व्यवस्थेत सोयही दडलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे दाखवून दिलं, आणि २०११ पासून देशभरात आशा ताई घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघतात. यातली चौदाव्या दिवसाची भेट तर या कामासाठीच नेमल्यासारखी आहे, कारण पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतर उरली तर बिलिरुबिनचे थेट आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही प्रकार वेगळे मोजून घ्यायचे, हा नियमच आहे. एकूण आकडा पुरेसा नाही. थेट बिलिरुबिन वाढलं असेल तर आजार यकृताचा किंवा पित्तनलिकेचा समजावा. गॅलॅक्टोसेमियासारखे आजार, ज्यांत दुधातली साखरच बाळाला विषासारखी बाधते, तेही याच तपासणीच्या वाटेवर सापडतात.

घाबरवणं हा या पुस्तकाचा हेतू नाही, म्हणून काय साधं आहे तेही सांगतो. पाजल्यावर बाळाने गुळणी टाकणं साधं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा पातळ पिवळी शी होणं साधं, आणि महिन्यानंतर चार-पाच दिवसांतून एकदा मऊ शी होणंही साधं. हिरवी शी बहुतेक वेळा साधीच असते. धोक्याची ती हिरवी उलटी. पहिले सहा महिने मध, गुटी, ग्राइप वॉटर यातलं काहीही लागत नाही, आणि मध तर वर्षभर देऊच नये.

हे पुस्तक डॉक्टर आणि परिचारिका वाचतील, तशा आशा ताई आणि आज्याही वाचतील अशी आशा आहे. प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. दीड महिन्याच्या लसीला जवळपास प्रत्येक बाळ आणलं जातं आणि कासाईंच्या मुदतीत अजून दोन आठवडे शिल्लक असतात. त्या दिवशी आईने सकाळच्या शीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून न्यावा, आणि लस देणाऱ्याने सुई हातात घेण्याआधी तो मागून बघावा. शी फिकट असेल, तर बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं.